जॉर्ज नेपिया : अजिंक्य संघाचा शेवटचा पहारेकरी

न्यूझीलंडच्या १९२४-२५ च्या रग्बी संघाला तेथील क्रीडाप्रेमी आजही ‘अजिंक्य’ या एकाच शब्दाने ओळखतात. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये या संघाने ३० सामने खेळले आणि तीसही जिंकले. या सर्व सामन्यांत फुलबॅकच्या जागी जॉर्ज नेपिया उभे होते. दौरा सुरू झाला तेव्हा त्यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. चार वर्षांनी, १९२८ मध्ये, त्यांचे काही सहकारी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा निवडलेल्या खेळाडूंच्या यादीत नेपिया यांचे नाव नव्हते. त्यांच्या वर्तनाविषयी कोणाची तक्रार नव्हती. फुलबॅक म्हणून त्यांच्या तोडीचा खेळाडू देशात होता, असेही कोणी म्हणत नव्हते. नेपिया माओरी होते, एवढेच कारण पुरेसे ठरले.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, वाइरोआ परिसरातील नुहाका या लहानशा गावात १९०५ मध्ये त्यांचा जन्म झाला. ङाती काहुंगुनु हा त्यांचा वंशसमूह. या प्रांताचे नाव हॉक्स बे. भारतीय वाचकाला या प्रांताचा नकाशा काहीसा ओळखीचा वाटेल. तेथील एका शहराचे नाव नेपियर, दुसऱ्याचे हेस्टिंग्ज. जवळच क्लाइव्ह आणि हॅव्हलॉक नॉर्थ ही गावे आहेत, आणि सिंधमधील मियानीच्या लढाईची आठवण सांगणारे मियानी नावाचे गावही आहे. भारतात लढाया जिंकलेल्या आणि राज्य केलेल्या इंग्रजांची नावे वसाहतकारांनी माओरींच्या भूमीला दिली होती. याच भूमीत विसाव्या शतकाच्या आरंभी माओरी आणि गोऱ्या मुलांनी एकाच मैदानावर रग्बी खेळायला सुरुवात केली होती, आणि हा खेळ म्हणजे दोन्ही समाजांना समान पातळीवर आणणारी एकमेव जागा आहे, असे न्यूझीलंडचे लोक अभिमानाने सांगत असत. हा अभिमान पुढे कसोटीला लागला.

मुलाने ते आउते या नामांकित माओरी शाळेत शिकावे, अशी वडिलांची इच्छा होती. जॉर्जने मात्र परस्पर बेत बदलला आणि हेस्टिंग्जजवळच्या माओरी कृषी महाविद्यालयात नाव घातले. ही संस्था अमेरिकेतून आलेल्या मॉर्मन धर्मप्रसारकांची होती. तेथील शिक्षकांना अमेरिकी फुटबॉल ठाऊक होता. चेंडू हवेत गिरक्या घेत दूरवर जाईल अशी लाथ कशी मारावी, धावत्या प्रतिस्पर्ध्याच्या कमरेखाली सूर मारून त्याला कसे पाडावे, हे जॉर्ज तेथे शिकला. इंग्रजी परंपरेत वाढलेल्या रग्बीपटूंना ही विद्या अनोळखी होती. वडिलांचा शब्द मोडून घेतलेल्या या प्रवेशाने एका परीने न्यूझीलंडला फुलबॅक मिळवून दिला, असे म्हणायला हरकत नाही. १९३१ च्या भीषण भूकंपात या महाविद्यालयाच्या इमारती उद्ध्वस्त झाल्या आणि ती संस्था पुन्हा उभी राहिली नाही.

हॉक्स बे प्रांताचा संघ त्या काळी फार बलाढ्य होता. १९२२ मध्ये त्याने वेलिंग्टनला हरवून रॅनफर्ली ढाल जिंकली आणि १९२७ पर्यंत ती हातची जाऊ दिली नाही. प्रशिक्षक नॉर्मन मॅकेन्झी यांच्या हाताखालच्या या संघात मॉरिस आणि सिरिल हे ब्राउनली बंधू होते, माओरी हाफबॅक जिमी मिल होते आणि किशोरवयीन नेपियाही होते. नेपिया तेव्हा विंगवर किंवा मधल्या फळीत खेळत. फुलबॅकची जागा त्यांच्यासाठी जवळपास नवी होती. १९२४ च्या ब्रिटन दौऱ्यासाठी संघ निवडताना राष्ट्रीय निवडकर्त्यांनी या जागेसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवली.

या निवडकर्त्यांमध्ये एक नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. नॅथॅनियल विल्सन हे ऑल ब्लॅक्सचे जुने फॉरवर्ड. त्यांचे वडील वेस्ट इंडीजचे होते. सावळ्या वर्णामुळे त्यांना सगळे ‘रणजी’ म्हणत. नवानगरच्या रणजितसिंहजींच्या फलंदाजीची कीर्ती तेव्हा साम्राज्यभर पोहोचलेली होती. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये न्यूझीलंडच्या सैनिकांचा रग्बी संघ ब्रिटनहून परतताना दक्षिण आफ्रिकेत थांबला. त्या वेळी रणजी विल्सन यांना खेळू देण्यात आले नाही. दरबान बंदरात जहाज लागले तरी त्यांना उतरण्याची मुभा मिळाली नाही. माओरी खेळाडू पारेकुरा तुरेइया यांनाही त्या दौऱ्यातून वगळले गेले. युद्धात एकाच ध्वजाखाली लढून आलेल्या सैनिकांचा तो संघ होता. पाच वर्षांनी ज्या निवडकर्त्यांनी नेपिया यांना राष्ट्रीय संघात घेतले, त्यांत हे विल्सन होते.

निवडलेल्या संघाविषयी सुरुवातीला कोणालाच फारसा विश्वास वाटत नव्हता. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सकडून एक सामना गमावला गेला. मायदेशी परतल्यावर ऑकलंडने या संघाला १४-३ असे नमवले. ब्रिटनला जाण्यास हा संघ लायक नाही, अशी टीका झाली. फुलबॅकच्या जागेवर एक अननुभवी मुलगा नेणे अनेकांना धाडसाचे वाटत होते.

फुलबॅक म्हणजे संघाचा शेवटचा पहारेकरी. पंधरा खेळाडूंमध्ये तो सर्वांत मागे एकटा उभा असतो. समोरचे सगळे चुकले तरी चालते. तो चुकला की प्रतिस्पर्धी थेट गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवतो. त्या काळच्या रग्बीत आणखी एक संकट असे. प्रतिस्पर्ध्यांचे आठ धिप्पाड फॉरवर्ड चेंडू पायाने ढकलत घोळक्याने चाल करून येत, आणि ती चाल रोखायची तर फुलबॅकला त्यांच्या बुटांपुढे जमिनीवर झेप घेऊन चेंडू कवेत घ्यावा लागे. नेपिया हे काम आठवड्यातून दोनदा, कित्येक महिने करत राहिले. त्यांची उंची फार नव्हती. पण खांदे रुंद, मांड्या भक्कम आणि हाताची पकड पोलादी होती. घोळक्याखाली पडून न राहता चेंडूसह पुन्हा उठून समोर मुसंडी मारण्याची त्यांची रीत इंग्लिश प्रेक्षकांनी पूर्वी पाहिलेली नव्हती. सामन्यापूर्वीच्या हाका या माओरी युद्धनृत्याचे नेतृत्वही त्यांच्याकडेच असे. दुसरा फुलबॅक खेळवून त्यांना एखादा दिवस विश्रांती द्यावी, असे संघ व्यवस्थापनाला एकदाही वाटले नाही, यात त्यांचा गौरव जितका दिसतो तितकीच बेफिकिरीही दिसते.

१ नोव्हेंबर १९२४ रोजी आयर्लंडचा ६-० असा पराभव झाला. २९ नोव्हेंबरला स्वान्सी येथे वेल्सशी गाठ पडली. या सामन्यामागे एकोणीस वर्षांचा सल होता. १९०५ च्या दौऱ्यात न्यूझीलंडने गमावलेला एकमेव सामना वेल्सविरुद्धचा, ०-३ असा. त्या दिवशी बॉब डीन्स यांनी गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवल्याचा न्यूझीलंडचा दावा होता, पण पंच जॉन डॅलस यांनी ती ट्राय मान्य केली नाही. पंचांचा एक निर्णय एखाद्या देशाच्या सामूहिक स्मृतीत किती खोल रुतून बसतो, याचे रग्बीतील हे पहिले मोठे उदाहरण. स्वान्सीत न्यूझीलंडने १९-० असा विजय मिळवून ती परतफेड केली. नेपिया यांच्या पुढ्यात आलेला वेल्सचा प्रत्येक हल्ला तेथेच संपला.

संघाच्या आतही निवडीचा वाद होताच. दौऱ्याचे कर्णधार क्लिफ पोर्टर होते. पण त्यांच्या जागेवर जिम पार्कर अधिक प्रभावी ठरत गेले आणि मोठ्या सामन्यांत कर्णधारालाच बाहेर बसावे लागले. संघाचे नेतृत्व उपकर्णधार जॉक रिचर्डसन यांनी केले. स्कॉटलंडशी मात्र सामना झालाच नाही. १८७८ मध्ये बरखास्त झालेल्या कलकत्ता फुटबॉल क्लबने शिल्लक चांदीचे रुपये वितळवून घडवलेल्या चषकासाठी जो देश दरवर्षी इंग्लंडशी झुंजतो, त्याच स्कॉटलंडच्या रग्बी संघटनेने दौऱ्याच्या आयोजनावरून रुसून खेळण्यास नकार दिला.

३ जानेवारी १९२५ हा दिवस ट्विकेनहॅमच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. इंग्लंडने त्याआधीची सलग दोन वर्षे चारही शेजाऱ्यांना हरवले होते. न्यूझीलंडचा संघही तोवर अपराजित होता. सुमारे ६०,००० प्रेक्षक जमले होते आणि युवराज, म्हणजे पुढे आठवे एडवर्ड झालेले प्रिन्स ऑफ वेल्स, उपस्थित होते. पंच होते वेल्सचे अल्बर्ट फ्रीथी. आदल्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमधील रग्बीचा अंतिम सामना त्यांनीच सांभाळला होता.

पहिल्या मिनिटापासून दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड एकमेकांवर तुटून पडले. धक्काबुक्की, ठोसे, लाथा यांना ऊत आला. फ्रीथी यांनी खेळाडूंना एकदा नव्हे, तीनदा ताकीद दिली. पहिली दहा मिनिटे उलटण्याच्या सुमारास त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली, सिरिल ब्राउनली यांच्याकडे वळले आणि त्यांना मैदान सोडण्यास सांगितले. पूर्ण दर्जाच्या आंतरराष्ट्रीय रग्बी सामन्यातून खेळाडूला हाकलून देण्याची ही पहिलीच वेळ होती. जमिनीवर पडलेल्या इंग्लिश खेळाडूला ब्राउनली यांनी लाथ मारली, असे फ्रीथी यांचे म्हणणे होते. न्यूझीलंडच्या खेळाडूंच्या मते आगळीक इंग्लंडकडून झाली होती आणि शिक्षा भलत्याच माणसाला मिळाली. मध्यंतरात युवराजांनी ब्राउनली यांना परत घेण्याविषयी शब्द टाकला आणि तो मानला गेला नाही, असेही सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, नियमाच्या दृष्टीने पंचांचा निर्णय अंतिमच होता.

तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती. उरलेला तासाहून अधिक वेळ न्यूझीलंडला चौदा जणांनिशी खेळायचे होते. पुढच्या फळीत एक माणूस कमी झाला की त्याचा भार अखेर मागच्या माणसावर येतो. इंग्लंडच्या फॉरवर्डांच्या लाटा येत राहिल्या आणि नेपिया त्यांच्या पायांत झेपावत राहिले. सिरिल यांचे बंधू मॉरिस त्या दिवशी पिसाटल्यासारखे खेळले. प्रतिस्पर्ध्यांना अंगावर घेत त्यांनी केलेली ट्राय न्यूझीलंडच्या दंतकथांत जाऊन बसली. एका क्षणी न्यूझीलंडकडे १७-३ अशी आघाडी होती. अखेरच्या टप्प्यात दमलेल्या चौदा जणांवर इंग्लंडने आठ गुण केले, तरी सामना १७-११ असा न्यूझीलंडनेच जिंकला.

ब्राउनली यांची हकालपट्टी योग्य होती का, यावर पुढे अनेक दशके वाद झाला. तो अजूनही पुरता मिटलेला नाही. पण वाद घालता आला, कारण घटना साठ हजार लोकांच्या डोळ्यांदेखत घडली होती. कोणत्या कृत्याबद्दल, कोणी आणि का शिक्षा केली, हे सर्वांना ठाऊक होते. त्या शिक्षेला मर्यादाही होती. दोन आठवड्यांनी, १८ जानेवारीला टुलूझ येथे फ्रान्सविरुद्ध न्यूझीलंडने ३०-६ असा विजय मिळवला, तेव्हा सिरिल ब्राउनली संघात होते. ऑल ब्लॅक्सच्या दुसऱ्या खेळाडूला कसोटी सामन्यातून बाहेर काढले जाण्यास थेट १९६७ साल उजाडावे लागले. ते कॉलिन मीड्स होते. फ्रीथी यांनी वापरलेली शिट्टी आता न्यूझीलंडमधील संग्रहालयात आहे आणि १९८७ पासून पुरुषांच्या प्रत्येक रग्बी विश्वचषकाचा पहिला सामना तिच्याच आवाजाने सुरू होतो.

मायदेशी परतलेल्या संघाचे प्रचंड स्वागत झाले. नेपिया यांनी पूर्व किनाऱ्यावरील रंगितुकिया येथील हुइंगा कोहेरे यांच्याशी विवाह केला आणि सासरच्या भूमीवर शेती सुरू केली. ऑल ब्लॅक्सपुढचे पुढचे मोठे आव्हान होते १९२८ चा दक्षिण आफ्रिका दौरा. ऑल ब्लॅक्स प्रथमच त्या देशात जाणार होते. रग्बीतील त्यांचा खरा तुल्यबळ प्रतिस्पर्धी तोच मानला जाई.

या दौऱ्यावर १९२१ ची सावली होती. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा संघ न्यूझीलंडमध्ये आला होता आणि नेपियर येथे त्याचा माओरी संघाशी सामना झाला. पाहुण्यांनी तो ९-८ असा जेमतेम जिंकला. संघासोबत आलेल्या चार्ल्स ब्लॅकेट या वार्ताहराने मायदेशी पाठवलेल्या तारेत, गोऱ्या लोकांच्या संघाविरुद्ध काळ्या खेळाडूंना गोऱ्याच प्रेक्षकांनी प्रोत्साहन द्यावे, याची किळस व्यक्त केली होती. तारकचेरीतून त्या तारेचा मजकूर बाहेर फुटला आणि वृत्तपत्रांत छापून आला. माओरी समाज दुखावला, न्यूझीलंडचे गोरे नागरिकही संतापले. पण संतापाचे आयुष्य थोडे असते. सात वर्षांनी न्यूझीलंडची रग्बी संघटना स्वतः संघ निवडायला बसली, तेव्हा यजमानांची अडचण होऊ नये म्हणून माओरी खेळाडूंचा विचारच करायचा नाही, असे ठरले. नेपिया आणि जिमी मिल यांची नावे त्यामुळे गळाली.

कर्णधारपद मॉरिस ब्राउनली यांच्याकडे गेले. सिरिल ब्राउनली यांचीही निवड झाली. त्यांच्या गुणवत्तेविषयी शंका नव्हती, आणि तीन वर्षांपूर्वीची शिक्षा आता कोणी त्यांच्या आड आणू नये हे न्याय्यच होते. तरी या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावाचून राहवत नाही. जगासमोर मैदानातून हाकलला गेलेला खेळाडू दौऱ्यावर गेला, आणि ज्याच्यावर कोणत्याही पंचाने कधी तशी वेळ आणली नव्हती, तो रंगितुकियात गुरे राखत राहिला. फ्रीथी यांच्या शिट्टीविरुद्ध निदान ओरडता येत होते. निवड समितीच्या बंद खोलीत ना आरोप होता, ना सुनावणी, ना शिक्षेची मुदत.

या निर्णयाची खेळातली किंमत लगेच मोजावी लागली. ३० जून १९२८ रोजी दरबान येथील पहिल्या कसोटीत न्यूझीलंडला ०-१७ असा दारुण पराभव पत्करावा लागला. दक्षिण आफ्रिकेच्या बेनी ऑस्लर यांनी एकट्याच्या पायाने १४ गुण केले. लांब आणि अचूक लाथ मारणारा, मागे भक्कम उभा राहणारा माणूस काय मोलाचा असतो, हे त्या दिवशी वेगळे सांगावे लागले नसेल. त्यात संघनिवडीचा दुसरा घोळ भर घालत होता. अजिंक्य संघाचे तडफदार खेळाडू आणि उत्तम किकर मार्क निकोल्स दौऱ्यावर असूनही पहिल्या तीन कसोट्यांत त्यांना बाहेर ठेवण्यात आले. केपटाउनच्या चौथ्या कसोटीत अखेर त्यांना संधी मिळाली, त्यांच्या पायाने सामन्याचा रंग बदलला आणि न्यूझीलंडने १३-५ अशा विजयासह मालिका २-२ अशी बरोबरीत सोडवली. निकोल्स यांना का वगळले, यावर न्यूझीलंडमध्ये भरपूर शाई खर्च झाली. नेपिया आणि मिल यांच्या वगळण्याची चर्चा त्या मानाने दबक्या आवाजातच राहिली.

नेपिया यांनी खेळ सोडला नाही. १९२९ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर त्यांची निवड झाली आणि सिडनीची पहिली कसोटी ते खेळले; ती ८-९ अशी निसटली. १९३० मध्ये ब्रिटिश संघ न्यूझीलंडमध्ये आला. चारही कसोट्यांत नेपिया फुलबॅक होते. पहिली कसोटी हरल्यानंतर न्यूझीलंडने पुढच्या तिन्ही जिंकल्या. त्या मालिकेत शिस्तीचा नवा वाद पेटला. न्यूझीलंडचा ‘विंग फॉरवर्ड’ स्क्रमच्या बाजूला उभा राहून प्रतिस्पर्धी हाफबॅकची वाट अडवत असे. ब्रिटिश संघाचे व्यवस्थापक जेम्स बॅक्स्टर यांनी ही पद्धत म्हणजे सरळ लबाडी असल्याची जाहीर टीका केली. या जागेवरचे न्यूझीलंडचे प्रमुख खेळाडू स्वतः कर्णधार क्लिफ पोर्टर होते. दोन वर्षांत नियम बदलले आणि ती जागाच खेळातून नाहीशी झाली. नियम बदलतात, जुनी रीत बेकायदा ठरते, खेळाडू नव्याने शिकतात. रग्बीला हे नवे नव्हते. निवडीचा अलिखित नियम मात्र जागच्या जागी राहिला.

एकूण नऊ कसोटी सामने, एवढीच नेपिया यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द. १९३० नंतर जागतिक मंदीने शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. रंगितुकियातील शेतीवर कुटुंब चालवणे कठीण झाले. १९३५ च्या ब्रिटन दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नाही, आणि त्याच वर्षी त्यांनी वेगळा मार्ग धरला. रग्बी युनियन तेव्हा पूर्णतः हौशी खेळ होता. पैसे घेणे हा त्यातील सर्वांत मोठा अपराध. तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगमध्ये मात्र मानधन मिळत असे. लंडनच्या स्ट्रेथम अँड मिचम क्लबने त्यांना ५०० पौंड देऊ केले. पत्नी आणि मुलांना शेतावर ठेवून नेपिया इंग्लंडला गेले. पुढे ते हॅलिफॅक्स क्लबकडून खेळले. तेथील मुक्कामात त्यांच्या आवाजात एका माओरी गीताची ध्वनिमुद्रिकाही निघाली. दहा वर्षांपूर्वीच्या दौऱ्याची आठवण इंग्लंडमध्ये अजून ताजी होती. १९३७ मध्ये मायदेशी परतून ते ऑकलंडच्या मानुकाऊ क्लबकडून खेळले आणि त्याच वर्षी लीगमध्येही न्यूझीलंडचे प्रतिनिधित्व करून ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या १६-१५ अशा विजयात सहभागी झाले.

रग्बी युनियनचे दरवाजे मात्र या पैशांमुळे त्यांना बंद झाले होते. देशासाठी नऊ कसोट्या खेळलेला माणूस गावच्या क्लबच्या साध्या सामन्यातही उतरू शकत नव्हता. संसार चालवण्यासाठी घेतलेल्या मानधनाला अशी शिक्षा, आणि कातडीचा रंग पाहून संघ निवडणाऱ्यांना कोणतीच नाही, असा तो काळ होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संघटनेने लीग खेळलेल्यांना माफी जाहीर केली आणि नेपिया यांचा परतीचा मार्ग मोकळा झाला. चाळिशी ओलांडल्यावर १९४७ मध्ये ते पुन्हा ईस्ट कोस्टकडून प्रांतीय सामन्यांत उतरले. १९५० मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांनी ऑलिंपियन्स संघाचे नेतृत्व केले. समोर पॉव्हर्टी बेचा संघ होता, आणि त्याचा कर्णधार होता त्यांचा मुलगा, त्याचेही नाव जॉर्ज नेपियाच. प्रथम श्रेणीच्या सामन्यात बापलेकांनी असे कर्णधार म्हणून आमनेसामने येण्याचे उदाहरण दुर्मीळ आहे.

त्यापूर्वीच, १९४९ मध्ये, न्यूझीलंडने पुन्हा माओरींना वगळून दक्षिण आफ्रिकेला संघ पाठवला होता. आदल्या वर्षी तेथे वर्णविद्वेष हे सरकारचे अधिकृत धोरण झाले होते. हा संघ चारही कसोट्या हरला. १९६० च्या दौऱ्याच्या वेळी मात्र परिस्थिती बदलली होती. माओरी नाहीत तर दौराही नाही, या मागणीच्या निवेदनावर दीड लाखाहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या लोकसंख्येचा विचार करता हा आकडा फार मोठा होता. तरी पंतप्रधान वॉल्टर नॅश यांनी हस्तक्षेप टाळला आणि माओरींविना संघ गेलाच. १९६७ चा नियोजित दौरा मात्र न्यूझीलंडच्या संघटनेने याच प्रश्नावर रद्द केला. १९७० मध्ये माओरी आणि सामोअन वंशाच्या खेळाडूंना प्रवेश मिळाला, तोही ‘मानद गोरे’ असा शिक्का स्वीकारून. चारच वर्षांनी भारताच्या टेनिस संघाने डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला आणि हाताशी आलेला चषक सोडून दिला. क्रीडासंघटनांना दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

नेपिया यांचे आत्मचरित्र १९६३ मध्ये क्रीडापत्रकार टेरी मॅकलीन यांच्या साहाय्याने प्रसिद्ध झाले. फुलबॅक म्हणून त्यांची तुलना पुढच्या प्रत्येक पिढीतील खेळाडूंशी होत राहिली. डॉन क्लार्क आले, इतर आले, आणि जुने प्रेक्षक प्रत्येक वेळी १९२४ चा दाखला देत राहिले. ज्यांनी त्यांना खेळताना पाहिले नव्हते, तेही त्यांचे नाव आदराने घेत. आयुष्याचा उत्तरकाळ त्यांनी पूर्व किनाऱ्यावरच घालवला.

२७ ऑगस्ट १९८६ रोजी रुआटोरिया येथे त्यांचे निधन झाले. रंगितुकियात पत्नीशेजारी त्यांना दफन करण्यात आले. त्याच वर्षी न्यूझीलंडचे बहुतेक आघाडीचे रग्बीपटू देशाच्या संघटनेची परवानगी नसताना ‘कॅव्हेलियर्स’ या नावाने दक्षिण आफ्रिकेत जाऊन खेळून आले होते. आदल्या वर्षीचा अधिकृत दौरा न्यायालयाच्या आदेशाने थांबला होता. परतलेल्या खेळाडूंवरची शिस्तभंगाची कारवाई दोन कसोट्यांच्या बंदीवर आटोपली.

१९९० मध्ये न्यूझीलंडच्या क्रीडा गौरव दालनात नेपिया यांचा समावेश झाला. दक्षिण आफ्रिका दौऱ्यांतून वगळलेल्या माओरी खेळाडूंची न्यूझीलंड रग्बी संघटनेने २०१० मध्ये जाहीर माफी मागितली. दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेनेही दिलगिरी व्यक्त केली. वगळलेल्या खेळाडूंपैकी जे हयात होते त्यांना आणि इतरांच्या कुटुंबीयांना उद्देशून ही माफी होती. १९२८ च्या निवडीला तेव्हा ८२ वर्षे झाली होती आणि नेपिया यांच्या निधनाला २४.